पाहुणा चित्रकार आणि यजमान गाव

समकालीन आशियाई कलेच्या मोठ्या प्रदर्शनाला आता तीन गोष्टी हमखास जोडलेल्या असतात: पाहुण्या कलावंताचे जाहीर व्याख्यान, विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिक किंवा कार्यशाळा, आणि कलावंताने त्या गावात काही आठवडे राहून काम करणे. या तिसऱ्या प्रकाराला सगळीकडे रेसिडेन्सी म्हणतात. पहिले दोन प्रकार एका दिवसात उरकतात. तिसरा खर्चिक आणि वेळखाऊ असतो, आणि त्यातून काय निघेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. तरीही आशियातल्या कलेत देशादेशांमध्ये जे टिकाऊ देणेघेणे झाले, ते बहुतेक वेळा अशा मुक्कामांतूनच झाले आहे. त्यातला काही भाग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला, आणि त्याचा एक जुना दाखला सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून (आताच्या ईश्वरपूरहून) कराडमार्गे सहज गाठता येईल अशा औंध गावी आहे.

आधी व्याख्यानाविषयी. कलावंताचे व्याख्यान हे समीक्षकाच्या व्याख्यानाहून वेगळे असते. तो पडद्यावर आपली कामे एकामागून एक दाखवतो आणि प्रत्येक कामाच्या वेळी कुठे अडले, काय पुसले, काय ठेवले ते सांगतो. चाळीस-पन्नास मिनिटे बोलणे आणि तेवढाच वेळ प्रश्नोत्तरे अशी साधारण रचना असते. सांगली-कोल्हापूर भागाला प्रात्यक्षिकाची सवय जुनी आहे. मॉडेल समोर बसते, चित्रकार दीड-दोन तासांत व्यक्तिचित्र उभे करतो, आणि मुले त्याच्या खांद्यावरून रंगांचे मिश्रण पाहत राहतात. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी कोल्हापुरात ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. प्रात्यक्षिकात हात दिसतो. व्याख्यानात निर्णय दिसायला हवा: हाच विषय का घेतला, कॅनव्हास सोडून माती का वापरली, चित्र कुठे थांबवले. श्रोत्यांच्या बाजूनेही थोडी तयारी लागते. 'याचा अर्थ काय?' असे विचारले की चित्रकार अडखळतो. 'हा रंग वाळायला किती दिवस लागले?' असे विचारले की तो खुलतो, आणि अर्थाकडे आपोआप येतो.

रेसिडेन्सीची घडण साधी आहे. एखादी संस्था कलावंताला निमंत्रण देते किंवा अर्ज मागवते. राहायला खोली, काम करायला जागा, प्रवासखर्च, साहित्याचा खर्च आणि मानधन देते. मुदत तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत, क्वचित वर्षभर असते. शेवटी कलावंत आपली कामाची जागा लोकांना खुली करतो. तिथे पूर्ण झालेले चित्र असेलच असे नाही. नुसत्या नोंदी, कच्ची रेखाटने, फसलेले प्रयोग असतात. चांगली संस्था याला हरकत घेत नाही. 'इतक्या दिवसांत इतकी चित्रे' अशी अट घातली, की मुक्कामाची मजुरी होते.

आशियात ही पद्धत रुजवण्याचे मोठे श्रेय जपानमधील फुकुओका शहराला द्यावे लागते. तिथले कलासंग्रहालय १९७९ मध्ये उघडले आणि त्याच वर्षी भारत, चीन व जपान यांच्या आधुनिक कलेचे प्रदर्शन त्याने भरवले. पुढच्या वर्षी ते साऱ्या आशियाला खुले झाले आणि काही वर्षांच्या अंतराने भरत राहिले. १९९९ मध्ये फुकुओका एशियन आर्ट म्युझियम हे केवळ आशियाई कलेला वाहिलेले संग्रहालय सुरू झाले, आणि त्याच्या पहिल्या त्रैवार्षिकीबरोबरच आशियातले कलावंत व अभ्यासक मुक्कामाला बोलावण्याचा कार्यक्रमही. हे संग्रहालय दुकाने असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आहे. खरेदीला आलेला माणूस लिफ्टने वर गेला, तर त्याला परदेशी कलावंत काम करताना भेटू शकतो. जागेची ही निवड फार शहाणपणाची म्हटली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात क्वीन्सलँड आर्ट गॅलरीने १९९३ मध्ये एशिया पॅसिफिक त्रैवार्षिकी सुरू केली, तीही परिषदेची जोड देऊनच. भारत तिच्यात १९९६ च्या दुसऱ्या खेपेपासून आला. भारतात त्याआधीच, १९६८ मध्ये, मुल्कराज आनंद यांच्या पुढाकाराने ललित कला अकादमीची 'त्रिएनाले' दिल्लीत भरली होती. ढाक्यात १९८१ पासून, दक्षिण कोरियातल्या ग्वांग्जूमध्ये १९९५ पासून अशी प्रदर्शने भरू लागली.

मुक्कामाची परंपरा मात्र या प्रदर्शनांपेक्षा जुनी आहे. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यात येऊन राहिले. त्यांचे काम पाहून अवनींद्रनाथ ठाकूर यांनी पाण्यात रंग विरघळवत नेण्याची आपली वॉश पद्धत घडवली आणि तिने पुढे बंगालच्या चित्रकलेला वळण दिले. १९१६ मध्ये रवींद्रनाथ जपानला गेले, तेव्हा त्यांची अराई काम्पो या चित्रकाराशी गाठ पडली. काम्पो भारतात आले, त्यांनी कलकत्त्यात शिकवले आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्यात मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लेण्यांतल्या अपुऱ्या उजेडात एकेका आकृतीपुढे दिवसचे दिवस बसायचे, असे ते काम होते. जपानला नेलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून अनेक हिवाळे अजिंठ्यात घालवून प्रतिकृती केल्या होत्या. त्यांतल्याही बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. प्रतिकृती गेल्या, पण पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांचा हात अजिंठ्याने घडवला, तो घडवलाच. मुक्कामाचा लाभ नेहमी वस्तूत मोजता येत नाही, याचा याहून ठसठशीत पुरावा शोधायला नको.

आता औंध. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले हे गाव पूर्वी एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते; त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थानचे उत्पन्न बेताचे असूनही त्यांनी चित्रकारांना औंधला बोलावणे, ठेवून घेणे, काम देणे हा क्रम आयुष्यभर चालू ठेवला. अजिंठ्याला चित्रकारांचे पथक नेऊन त्यांनी प्रतिकृती करवून घेतल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे जे. जे. मध्ये शिकलेले, हैदराबाद आणि लाहोरला चित्रशाळा चालवलेले चित्रकार. ते १९१८ च्या सुमारास औंधला आले ते जवळपास तीस वर्षे तिथेच राहिले आणि स्वाध्याय मंडळाच्या वेदविषयक ग्रंथांसाठी देशभर ओळखले गेले. मुक्कामाला आलेल्या माणसाने ठरलेल्याहून वेगळेच काम करावे आणि यजमानाने त्यालाही जागा द्यावी, याचे हे उदाहरण फार मोलाचे आहे.

औंधच्या यमाई देवीच्या डोंगरावर, देवळाच्या वाटेवर अर्ध्या उंचीला, पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे, बंगाली शैलीतली कामे, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे माता-बालकाचे दगडी शिल्प हे सगळे एका खेडेगावच्या डोंगरावर आहे. आधुनिक शिल्पकलेतला इतका मोठा कलावंत पाहायला लंडनला जायचे, आणि तोच माणदेशाच्या उंबरठ्यावर, यमाईच्या दर्शनाला आलेल्या शेतकऱ्याच्या वाटेत उभा असायचा. चित्रे लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवण्याची ही दृष्टी फुकुओकाच्या साठ वर्षे आधीची आहे. औंधच्या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी: सगळे एका राजाच्या आवडीवर आणि तिजोरीवर उभे होते. संस्थान विलीन झाले, तेव्हा वास्तू आणि संग्रह राहिले. कलावंतांचे येणे थांबले. आज तिथे चित्रे पाहायला मिळतात. चित्रकार भेटत नाही.

परदेशी मुक्कामाने मराठी मुलखाशी नाते असलेल्या चित्रकाराचे काम कसे पालटते, हे पाहायला वासुदेव गायतोंडे यांच्याकडे वळावे. नागपुरात १९२४ साली, गोव्याहून आलेल्या कुटुंबात जन्मलेल्या गायतोंडे यांना १९५७ मध्ये टोकिओतल्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. सन्मान मोठाच, पण त्याने चित्र बदलले असे म्हणता येत नाही. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे काही काळ राहून काम केले. परतल्यावर १९६८ पासून त्यांनी केवळ उभ्या आकाराचे कॅनव्हास वापरले. रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे अशा संथ कामात ते रमले. झेन विचाराची ओढ त्यांना आधीपासून होती. बदलाचे सगळे श्रेय न्यूयॉर्कला देणे चूक ठरेल, पण उत्पन्नाची चिंता न करता फक्त चित्राशी राहण्याची मुभा त्या मुक्कामाने दिली, एवढे खात्रीने म्हणता येते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले.

वारली चित्रकारांची कथा सगळ्यांत भरगच्च आहे, आणि तीच प्रदर्शन, व्याख्यान व मुक्काम यांचे बरेवाईट सगळे एकत्र दाखवते. डहाणू-तलासरीकडच्या घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि लग्न लावणाऱ्या बायका, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणतात. शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. बांबूची काडी एका टोकाला चावून मऊ केली की तोच कुंचला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले. नुसते कागद आणि रंग देऊन ते परतले नाहीत. पुन्हापुन्हा येत आणि राहत गेले. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) त्यांना इथेच भेटले. बायकांच्या विधीतली रेषा मशे यांनी रोजच्या जगण्याकडे वळवली: मासेमारीचे जाळे, मुंग्यांची रांग, तारप्याभोवतीचा नाच. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २००३ मध्ये इंग्लंडचे रिचर्ड लाँग त्यांच्या गावी आले. लाँग यांची कला चालण्याची; मैलोन्‌मैल चालून जमिनीवर रेघ किंवा वर्तुळ उमटवायचे आणि हाताने चिखल लावून भिंत रंगवायची. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण माती दोघांनाही ठाऊक होती. त्या भेटीतून दोघांचे एकत्र प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे भरले.

जपानच्या निगाता प्रांतात, टोकामाची गावाजवळ, हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ पडतो. तिथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये एका बंद पडलेल्या शाळेत मिथिला म्युझियम सुरू केले आणि मिथिला, वारली, गोंड चित्रकारांना महिनोन्‌महिने राहून मोठ्या आकाराची चित्रे करायला बोलावले. भिंतीवरची रेषा तिथे पुरुषभर कागदावर आणि कापडावर पसरली. घरी कोणी इतका सलग वेळ आणि इतकी मोठी जागा देत नव्हते. त्या अर्थाने या मुक्कामाने वारली चित्राचा आवाका वाढवला. याच मुलखात २००० पासून फ्राम कितागावा यांच्या पुढाकाराने एचिगो-त्सुमारी त्रैवार्षिकी भरते. तरुण मंडळी शहरात गेल्यामुळे ओस पडलेल्या शाळा आणि घरे, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, अशा सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या टापूत कलाकृती विखुरलेल्या असतात, आणि त्या उभ्या करायला म्हातारे शेतकरी कलावंतांच्या बरोबरीने हात लावतात.

याच मिथिला म्युझियममध्ये जुलै २००१ मध्ये मध्य प्रदेशचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी जीवन संपवले. पाटणगढच्या या तरुणाला चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले होते, आणि त्याने गोंड चित्रकलेची एक नवी शैलीच उभी केली होती. ऐन उमेदीत, घरापासून हजारो मैल दूर तो गेला. त्यानंतर देशभरातल्या कलावंतांनी आवाज उठवला: मुदत कोण ठरवतो, वाढवायची तर कोणाच्या संमतीने, परतीचे तिकीट आणि पासपोर्ट कोणाकडे असतो, मानधन किती, केलेल्या चित्रांची मालकी कोणाची, भाषा न येणाऱ्या माणसाचे मन कोण जाणून घेतो? या प्रश्नांची उत्तरे कागदावर, कलावंताला वाचता येईल अशा भाषेत, तो घर सोडण्याआधी द्यायला हवीत. ज्या मुक्कामाची ही तयारी नाही, तो करूच नये. आदिवासी आणि ग्रामीण कलावंताच्या बाबतीत तर यात तसूभरही सूट देता येत नाही, कारण शहरी कलावंत भांडून घेतो ते त्याला मागायलाही अवघड जाते.

उलट दिशेचा प्रवासही घडला आणि तो दिलासा देणारा आहे. जपानच्या वॉल आर्ट प्रोजेक्ट या स्वयंसेवी गटाने २०१० पासून बिहारमधल्या सुजाता गावी शाळेच्या भिंती रंगवण्याचा उत्सव केला. तिथे युसुके असाई यांनी गावच्याच मातीने वर्गाच्या भिंती रंगवल्या. पुढे हा उत्सव तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या गंजाड गावी आला. जपानी कलावंत आणि वारली चित्रकार एकाच शाळेत शेजारच्या वर्गांत काम करू लागले. पोरे दोन्हीकडे डोकावत होती. ब्रिस्बेनच्या २०१५-१६ च्या आठव्या त्रैवार्षिकीत भारताच्या लोककलेचा 'कल्पवृक्ष' हा स्वतंत्र विभाग होता आणि त्यात वारली चित्रकारही होते. २०२१-२२ च्या दहाव्या खेपेला गंजाडचेच तुषार आणि मयूर वायेडा हे भाऊ तिथे होते. आता ते कोणाच्या विभागात बसवलेले कारागीर नव्हते. स्वतःच्या नावाने आलेले समकालीन कलावंत होते.

प्रदर्शनाला मुक्कामाची जोड भारतातही मिळाली. कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचे कलाप्रदर्शन, १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाली. तिचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू दोघेही केरळचे, पण शिकले आणि वाढले ते मुंबईच्या जे. जे. मध्ये. प्रदर्शनाचे महिने संपले तरी कोचीच्या धक्क्यावरच्या पेपर हाउस या जुन्या वखारीत रेसिडेन्सी आणि व्याख्याने ठेवण्याचा शिरस्ता त्यांनी पाडला, आणि कलाविद्यार्थ्यांसाठी वेगळे प्रदर्शन जोडले. दिल्लीच्या 'खोज'ने १९९७ मध्ये मोदीनगरच्या कार्यशाळेपासून हेच काम सुरू केले होते आणि त्यापुढच्या काही वर्षांत कराची, ढाका, कोलंबो येथे तशाच संस्था निघाल्या. सरहद्दीपलीकडचे कलावंत एकमेकांकडे राहू शकले, ते या संस्थांमुळे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे चित्रकार प्रभाकर पाचपुते यांचे उदाहरण इस्लामपूर भागातल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे. त्यांचे कुटुंब कोळशाच्या खाणीत राबलेले. त्यांनी कोळशानेच खाणकामगारांची चित्रे काढली, भिंतभर. वेल्समधल्या कार्डिफच्या आर्टेस मुंडी प्रदर्शनासाठी त्यांनी तिथल्या खाणकामगारांच्या मोर्चांचा आणि निशाणांचा अभ्यास केला आणि सास्ती व वेल्स एका चित्रात आणले; २०२१ मध्ये तो पुरस्कार सहा कलावंतांना विभागून मिळाला, त्यांत ते एक होते. परमुलखाचा अभ्यास आपल्या गावाची गोष्ट पुसत नाही, तिला सोबती मिळवून देतो.

इस्लामपूरसारख्या तालुक्याच्या गावाला यातले काय करता येईल? संग्रहालय नाही, म्हणून काहीच होणार नाही, हे खरे नाही. गंजाडलाही शाळाच होती. इस्लामपूरच्या वाळवा तालुक्यात शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, साखर कारखान्याचा परिसर आहे, कृष्णाकाठची माती आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले दरवर्षी शेकड्यांनी तयार होतात, आणि परीक्षा संपली की त्यांची वही मिटते. त्यांना शिकवणारे चित्रकलेचे शिक्षक हेच पाहुण्या कलावंताचे खरे यजमान. त्यांना नियोजनात पहिल्या दिवसापासून घ्यावे, हार घालायच्या वेळी बोलावू नये. दुभाषा लागला तर चित्रकला कळणारा घ्यावा. व्याख्यान पहिल्या दिवशी ठेवू नये. कलावंत पंधरा दिवस गाव फिरला, गुऱ्हाळ पाहिले, घाटावर बसला, मुलांच्या वह्या चाळल्या, मग बोलायला उभा राहिला तर त्याच्या बोलण्यात गाव येते. उद्‌घाटन, सत्कार आणि फोटो यांवर जो पैसा जातो, तेवढ्यात एका कलावंताचा तीन आठवड्यांचा मुक्काम निघतो.

पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला पाहून महाराष्ट्रातल्या गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. इतिहास, साहित्य, शेती, राजकारण यांवर बोलणाऱ्यांना त्यांनी व्यासपीठ दिले. चित्रकाराला मात्र क्वचितच. प्रत्येक व्याख्यानमालेने वर्षातला एक दिवस दृश्यकलेसाठी राखावा, आणि त्या दिवशीच्या वक्त्याला एका रात्रीऐवजी तीन आठवडे ठेवून घ्यावे. एक कोरडी, उजेडाची खोली, लेखी करार, वेळेवर मानधन आणि संध्याकाळी दार उघडे ठेवायची मुभा, एवढ्यावर सुरुवात होते. पहिला पाहुणा गंजाडचा असावा की फुकुओकाचा, हे तालुक्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावे, आणि त्याला औंधचा डोंगर दाखवायला जरूर न्यावे.